टेबलाखालचा सर्व्हर: अंबडमधल्या प्रकल्प नोंदी, जून ते ऑगस्ट २०२५

१६ जून २०२५, सोमवार

पहिला दिवस. वही नवी, लिहिण्याची सवय जुनी. बागेत तेरा वर्षं फवारणीची वही लिहिली: तारीख, प्लॉट, औषध, प्रमाण, ट्रॅक्टरवर कोण होतं. युरोपला द्राक्ष पाठवायचं तर ती वही लागतेच. नाना, म्हणजे माझे सासरे, म्हणायचे की वहीत नाही ते फवारलंच नाही. इथेही तोच नियम चालवते.

जागा नाशिकची अंबड एमआयडीसी, गरवारे पॉइंटवरून आत. गाड्यांचे सुटे भाग मशीनिंग करणारा कारखाना, दोन शिफ्ट, १३२ माणसं. नाव लिहीत नाही. हजेरी, पगार, स्टोअर आणि डिस्पॅचची चलनं अकाउंट्सच्या टेबलाखालच्या एका टॉवर सर्व्हरवर चालतात. सॉफ्टवेअर पीएचपी या भाषेत, इथल्याच एका मुलानं लिहिलेलं. तो सोडून गेला त्याला दहाएक वर्षं झाली. सगळं नव्या मशीनवर न्यायचं आहे. मुदत ऑगस्टमध्ये पगार निघायच्या आत.

पुण्यातली सिस्टम अॅडमिनची नोकरी मी २०१२ मध्ये सोडली. नानांचं दुखणं, दिंडोरीची बाग, मुलगी लहान. दोन वर्षांत परत जाईन म्हणत होते. गेल्या सहा महिन्यांत मुलाखती दिल्या त्यात सगळे 'गॅप'पाशी अडले. एकीनं विचारलं, इतकी वर्षं नेमकं काय केलंत? मी म्हटलं, डावणी आणि भुरी. हे द्राक्षावरचे रोग आहेत ते तिला कळलं नाही, आणि मला फोड करून सांगायचा कंटाळा आला.

इथल्या साहेबांनी सर्व्हरवरच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टमबद्दल एकच प्रश्न विचारला: "मॅडम, सेंटओएस सहा येतं का?"

येतं म्हणजे काय, तेवढंच येतं.

वहीच्या मागच्या पानावर एक यादी सुरू केली: 'विसरलेलं'. जे अडेल ते तिथे लिहायचं आणि रात्री वाचून काढायचं.

१७ जून, मंगळवार

लॅपटॉपवरून सर्व्हरला एसएसएच केलं, म्हणजे दुरून लॉगिन, आणि दारातच अडले. समोरचा जी किल्ली दाखवतोय ती मी मानत नाही, असं नव्या क्लायंटचं म्हणणं. शोधल्यावर कळलं की एसएसएचच्या सॉफ्टवेअरच्या, ओपनएसएसएचच्या, ८.८ आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, एसएचए-१ची सही वापरणारी जुनी आरएसए पद्धत मुळातच बंद असते. या एका सर्व्हरपुरती सेटिंगमध्ये सूट दिली आणि आत गेले.

आत मात्र माहेर. आयएफकॉन्फिग मारलं, नेटवर्क कार्डाचं जुनं नाव ईटीएच-झिरो समोर. सर्व्हिस, सीएचकेकॉन्फिग, इनिट-डीमधल्या स्क्रिप्ट, सेवा चालू-बंद करायची सगळी जुनी हत्यारं जिथल्या तिथे. मी सोडून गेले ते जग इथे टेबलाखाली तसंच थांबून राहिलंय, फक्त धूळ चढलीय. हात आपोआप चालत होते. अपटाइम ६११ दिवस, म्हणजे तेवढे दिवस न थांबता चालू. डिस्कचं मुख्य विभाजन ९४ टक्के भरलेलं.

मग सवयीनं एमडीस्टॅट, म्हणजे डिस्कच्या जोडीची तब्येत, बघितलं. दोन डिस्कचा आरसा, रेड-१: दोन्हींवर तोच डेटा. चौकटी कंसात दोन यू दिसायला हवेत. एक यू आणि एक आडवी रेघ दिसली. म्हणजे एक डिस्क मेलेली आणि दुसरीवर सगळा कारखाना.

केव्हापासून? लॉग चार आठवड्यांच्या मागे नाहीत. रूटची, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य खात्याची, मेलपेटी उघडली. अकरा हजारांच्या वर न वाचलेली पत्रं. डिस्क गेल्याचं पत्र मार्च २०२२ चं. सर्व्हरनं वेळेवर सांगितलं होतं, पण ती पेटी कोणी उघडलीच नव्हती.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "चालतंय ना पण?" मी म्हटलं, तीन वर्षं एका टायरवर चाललंय. त्याच दुपारी नवी डिस्क आणायला माणूस पाठवला.

१९ जून, गुरुवार

आरसा पुन्हा जुळला, ५०० जीबीला साधारण दोन तास लागले. जुनी डिस्क तेवढा वेळ तग धरेल का, यावर आम्ही कोणीच बोललो नाही. अकाउंट्सचा पोरगा मात्र दर पाच मिनिटांनी टक्केवारी विचारत होता.

आता बॅकअप. यूएसबी डिस्कवर रोज रात्री दोन वाजताची फाइल, एकही दिवस चुकलेला नाही. नावात तारीख, शेवटी जीझेड, ओळीनं शेकडो फाइली. पोरगा अभिमानानं दाखवत होता. मी आकाराचा रकाना बघितला. प्रत्येक फाइल २० बाइटची.

फाइल आवळणाऱ्या जीझिपला रिकामं काहीतरी दिलं तरी तो इमानेइतबारे २० बाइटची फाइल करून देतो. आत काही नसतं, नुसतं वेष्टन. कधीतरी कोणीतरी डेटाबेसचा पासवर्ड बदलला, स्क्रिप्टमध्ये जुनाच राहिला. तेव्हापासून रोज रात्री दोन वाजता इथे रिकाम्या क्रेट पॅक होऊन ओळीनं लागतायत. चूक कळवणारी पत्रं त्याच अकरा हजारांत.

आज हातानं डेटाबेसचा पूर्ण डंप, म्हणजे प्रत, घेतला, लॅपटॉपवर उतरवून उघडून बघितला, मेमधला एक पगार काढून छापलेल्या पत्रकाशी ताडला. मगच घरी. मुंबई नाक्याच्या सिग्नलला पाऊण तास, पण झोप चांगली लागली.

२२ जून, रविवार

घरी. 'विसरलेलं' या यादीपेक्षा 'झालं ते कळलंच नाही' ही यादी मोठी निघाली. वाचता वाचता प्रत्येक तारखेपुढे मी तेव्हा काय करत होते ते लिहीत गेले. गंमत म्हणून सुरू केलं, नंतर जरा गलबललं.

मार्च २०१४: गारपीट, तयार माल जमिनीवर. आम्ही पंचनाम्याची वाट बघत होतो, आणि एप्रिलमध्ये हार्टब्लीड नावाच्या सुरक्षेतल्या भोकानं जगभरचे सर्व्हर उघडे पाडले होते. त्याच जूनमध्ये सेंटओएस ज्यावरून बनतं ते रेड हॅट ७ आलं, सर्व्हर सुरू करून सेवा सांभाळणारं सिस्टमडी घेऊन. इनिटच्या स्क्रिप्टचं युग तिथे संपलं. सप्टेंबरात शेलशॉक, तसंच आणखी एक भोक. मी छाटणीच्या टोळ्या ठरवत होते. डिसेंबर २०१५: लेट्स एन्क्रिप्ट सगळ्यांना खुलं झालं, वेबसाइटचं सुरक्षा सर्टिफिकेट फुकट, मुदत ९० दिवस. आमच्या वेळी वर्षाचं विकत घ्यायचो आणि संपायच्या दिवशी धावाधाव करायचो. ऑक्टोबर २०१९: फुलोऱ्यावरच्या बागांवर पाऊस, रात्री बारा वाजता ब्लोअर. त्या वर्षी कंटेनर, कुबरनेटीस हे शब्द मुलाखतीतले रोजचे झाले असणार. नोव्हेंबर २०२० मध्ये सेंटओएस ६ ची मुदत संपली, आणि पुढच्याच महिन्यात जाहीर झालं की २०२९ पर्यंत चालेल म्हटलेलं सेंटओएस ८ सुद्धा २०२१ अखेर बंद. त्यातून त्याची जागा घेणारे अल्मा आणि रॉकी निघाले.

मार्च २०२४ पाशी मात्र थांबले. एक्सझेड या साध्या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत कोणीतरी दोन वर्षं विश्वास कमावून चोरदार बसवलं. सापडलं कसं, तर अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या डेटाबेसवाल्याला एसएसएचचं लॉगिन अर्धा सेकंद उशिरा होतंय असं जाणवलं. अर्धा सेकंद! आमच्याकडे तेव्हा काढणी चालू होती. नाना गेले त्याला तेव्हा वर्ष झालं होतं. तेही घड हातात घेऊन सांगायचे, यात काहीतरी वेगळं आहे, आणि दोन दिवसांनी भुरी दिसायची.

२६ जून, गुरुवार

नवा सर्व्हर ठरला. ऑपरेटिंग सिस्टम अल्मालिनक्स ९, सुधारणा २०३२ पर्यंत मिळतात. दहावी आवृत्ती मागच्याच महिन्यात आलीय, पोरगा म्हणाला नवीच टाकू. मी नाही म्हटलं. पहिल्या वर्षीचं वाण आपण शेजाऱ्याच्या बांधावरून बघतो.

३ जुलै, गुरुवार

बसवलं. दोन डिस्कचा आरसा, यूपीएस, नवा स्विच. 'विसरलेलं' भराभर खोडलं जातंय, जुन्या आज्ञांच्या जागी नव्या: यमच्या जागी डीएनएफ, नेटस्टॅटच्या जागी एसएस, लॉगसाठी जर्नलसीटीएल. ईटीएच-झिरोचं आता लांबलचक नाव झालंय. रूटला लॉगिनच नाही, माझ्या खात्यातून सुडो, म्हणजे लागेल तेव्हाच रूटचा अधिकार. हे नवं वळण मला पटलं.

घड्याळ: जुना सर्व्हर ११ मिनिटं पुढे होता. हजेरीचं यंत्र त्याच्यावरून वेळ घ्यायचं. म्हणजे सातच्या शिफ्टला सहा पन्नासला आलेला माणूस इतकी वर्षं उशिरा आलेला ठरत होता. यावर कोणी तक्रार केली नव्हती का? केली होती म्हणे. "यंत्र खोटं बोलत नाही" असं उत्तर मिळालं. आता क्रोनी हा वेळ जुळवणारा प्रोग्राम लावून घड्याळ एनआयसी या सरकारी संस्थेच्या टाइम सर्व्हरशी जुळवलं. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत हे आहेच: घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवा, लॉग १८० दिवस ठेवा, घुसखोरी झाली तर सहा तासांत कळवा. लॉग चार आठवड्यांवरून १८० दिवसांवर नेले.

आणि इशारे. रूटच्या पेटीत पत्र टाकणं बंद. थेट तिघांच्या फोनवर संदेश. पोरग्याला उंबरठा म्हणजे काय ते समजावत होते. म्हटलं, गोदेला पूर आला की नाशिककर काय विचारतो? म्हणाला, पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं. बस. डिस्क ८० टक्के भरली की 'कंबर', ९० ला 'छाती'. इशाऱ्यांची नावं खरोखर तीच ठेवली. बाहेर पाऊस लागूनच आहे, त्यामुळे सगळ्यांना लगेच पटलं.

१० जुलै, गुरुवार

तीन दिवस एकाच गोष्टीत गेले, पण सविस्तर लिहिण्याजोगी आहे.

पीएचपी ५.३ वरचा कोड पीएचपी ८ वर. मायएसक्यूएल या डेटाबेसशी बोलणारी जुनी फंक्शनं २०१५ मध्ये आवृत्ती ७ पासूनच काढून टाकलीत. ६०-७० ओळींची एक मधली फाइल लिहिली: जुन्या नावाची फंक्शनं, आतून नवी वापरणारी. देखणं नाही, चालतं.

मग डेटा. मारियाडीबीत, म्हणजे मायएसक्यूएलमधूनच निघालेल्या नव्या डेटाबेसमध्ये, उतरवला तर सगळी मराठी नावं विचित्र खुणांची. जुन्या टेबलांचा अक्षरसंच लॅटिन-१, युरोपी अक्षरांपुरता. ब्राउझर युनिकोडमध्ये मराठी पाठवायचा, डेटाबेसला ती लॅटिन अक्षरं वाटायची, तो तशीच ठेवायचा आणि तशीच परत द्यायचा. दोन्हीकडे तीच चूक, त्यामुळे पडद्यावर बरोबर. एका बाजूला सुधारलं की बिंग फुटतं. उपाय: रकाना आधी निव्वळ बाइटचा करायचा, मग त्याच बाइटांना यूटीएफ-८, म्हणजे युनिकोड, म्हणायचं. मधली पायरी गाळली तर डेटाबेस मदत म्हणून भाषांतर करतो आणि डेटा कायमचा जातो.

केलं. बहुतेक नावं झाली. काही ओळींवर मारियाडीबीनं हात वर केले. बघितलं तर नावाच्या शेवटी दोन बाइट लोंबकळतायत.

इथे कागद-पेन्सिल घेतली. रकाना ४० चा. लॅटिन-१ मध्ये ४० म्हणजे ४० बाइट, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-हलन्तसुद्धा, तीन बाइट खातं. नाव आणि आडनाव, मध्ये एक मोकळी जागा: उरले ३९, बरोबर तेरा चिन्हं, काप सुबक. वडिलांचं नावही असेल तर जागा दोन, उरले ३८: बारा चिन्हं आणि दोन बाइट लोंबते. जुना मायएसक्यूएल जास्तीचं गुपचूप छाटायचा. नवा छाटत नाही, सरळ नाकारतो.

खरं नाव लिहीत नाही, पण समजा ज्ञानेश्वर गायकवाड. 'ज्ञानेश्वर' दहा चिन्हं, उरली तीन. ग, काना, य. पगारपत्रकावर 'ज्ञानेश्वर गाय'.

पोरगा हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिला. म्हणाला, "ताई, आम्हाला वाटायचं ऑपरेटरनं मुद्दाम केलंय!" असं तोडलेलं नाव ३१ जणांचं. छाटलेले बाइट कुठेच नाहीत, परत आणता येत नाहीत. कागदी हजेरीपट काढले आणि स्टोअरच्या अण्णांना शेजारी बसवून एकेक नाव भरलं. अण्णांना सगळ्यांची गावंसुद्धा पाठ. आता रकाना १५० चिन्हांचा.

१६ जुलै, बुधवार

सकाळी ६ वाजून १० मिनिटांनी वॉचमनचा फोन. "मॅडम, काँप्युटर उठेना."

स्टोअर आणि चलनं सोमवारीच नव्या सर्व्हरवर नेली होती. रात्री वीज गेली, यूपीएस वीस मिनिटांत दमला. वीज आल्यावर सर्व्हर चालू झाला आणि अर्ध्यावर थांबला. मी पोचले तेव्हा पावणेसात. गेटवर माल भरलेला ट्रक, चलन नाही म्हणून उभा.

पडद्यावर: बॅकअपच्या डिस्कची वाट बघतोय, मर्यादा १ मिनिट ३० सेकंद. ती संपली की इमर्जन्सी मोड. तिथे म्हणे रूटचं खातं कुलूपबंद आहे, एंटर दाबा. दाबलं. परत तेच. परत दाबलं, परत तेच. ट्रकवाला हॉर्न देत होता.

डिस्क कुठे गेली? तिच्या अॅडॉप्टरच्या जागी चहाची किटली. काढणाऱ्याला बोलण्यात अर्थ नाही, बोर्डात प्लग एकच मोकळा दिसला असणार. डिस्क परत लावली, सर्व्हर बंद-चालू केला, सात वाजून पाच मिनिटांनी सगळं उभं. किटलीतला चहा ट्रकवाल्याला दिला.

१७ जुलै, गुरुवार

कालचं डोक्यातून जात नाही, म्हणून लिहिते.

सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या ते एफएसटॅब या फाइलीत असतं; तिथली बॅकअप डिस्कची ओळ मी लिहिली होती. न बघता, शेवटी दोन शून्यं, जशी २००८ पासून लिहीत आले तशी. सेंटओएस ६ वर अशी ओळ असली आणि डिस्क नसली तर तो कुरकुर करून पुढे जायचा. सिस्टमडी जात नाही. त्या फाइलीतली प्रत्येक डिस्क त्याला हवीच असते, नाहीतर 'नोफेल' असा शब्द स्पष्ट लिहावा लागतो. एक शब्द.

रूट कुलूपबंद ठेवायचं हे मी नवीन शिकले होते, वाचून, विचार करून. त्याचा इमर्जन्सी मोडवर काय परिणाम होतो तेही वाचायला हवं होतं, ते राहिलं. पण मुळातली चूक विसरलेल्यातली नव्हतीच. विसरलेलं असलं की मी शोधते, दोन ठिकाणी ताडते. एफएसटॅब मला येत होतं, म्हणून कोणी तपासलंच नाही.

बागेत औषध मारल्यावर काढणीपर्यंत ठरलेले दिवस जावे लागतात, आणि तरी नमुना प्रयोगशाळेत जातो. घड धुतलेला, चकचकीत, वरून काही दिसत नाही. अवशेष रिपोर्टातच कळतो.

मागच्या पानावरची यादी बंद केली. नवी सुरू केली: 'येतंय असं वाटतं'. गेल्या महिन्यात मी शोधल्याशिवाय जे जे केलं ते सगळं तीत उतरवलं. बावीस गोष्टी निघाल्या. एकेक आजच्या मॅन्युअलशी ताडतेय. आतापर्यंत चार नापास: एफएसटॅब, नेटवर्कची रिझॉल्व्ह-कॉन्फ फाइल हातानं लिहिणं, जे नेटवर्कमॅनेजर मागून पुसून टाकतो, प्रिंटरसाठी हातानं घातलेला आयपीटेबल्सचा फायरवॉल-नियम, ज्याची फायरवॉलडी नोंद ठेवत नाही, त्यामुळे सर्व्हर पुन्हा चालू झाला की तो राहत नाही, आणि काही चालेना की आधी एसईलिनक्स हे सुरक्षेचं कवच बंद करायची खोड. शेवटचं तेव्हाही चूकच होतं, फक्त सगळेच करायचे.

नोफेल लिहिलं, मर्यादा दहा सेकंद केली. रूटला पासवर्ड देऊन तो पाकिटात, पाकीट साहेबांच्या कपाटात. दुपारी जेवणाच्या सुटीत डिस्क मुद्दाम काढून सर्व्हर तीनदा चालू करून बघितला.

२५ जुलै, शुक्रवार

जूनचा पगार दोन्ही सर्व्हरवर काढून ताडला. नव्यावर १२,३०० रुपये जास्त.

फरक आला की आधी भागून बघायचं. ओव्हरटाइम करणाऱ्याला महिन्याला ३०० रुपये जेवणभत्ता आहे. १२,३०० भागिले ३००, बरोबर ४१. आणि ओव्हरटाइमचा रकाना रिकामा असलेली माणसंही ४१. कोडमध्ये: ओव्हरटाइम शून्याबरोबर असेल तर भत्ता नाही. पीएचपी ५ मध्ये रिकामी ओळ आणि शून्य सारखेच. पीएचपी ८ मध्ये सारखे नाहीत. म्हणजे रिकाम्या रकान्याला भत्ता लागू!

दुरुस्ती एका ओळीची. अशी तुलना आणखी कुठे आहे ते शोधलं, सतरा ठिकाणी होती. सगळी सुधारली. पुन्हा चालवलं, फरक शून्य रुपये शून्य पैसे. अकाउंट्सच्या मॅडम मेचाही काढा म्हणाल्या. काढला. जुळला.

२ ऑगस्ट, शनिवार

दुसरी शिफ्ट सुटल्यावर बदल. शेवटचा डंप, उतरवणं, मोजणी, हजेरीचं यंत्र नव्याकडे वळवणं. रात्री साडेअकरापर्यंत झालं. काही घडलं नाही, त्यामुळे लिहायलाही काही नाही.

जुना बंद करण्याआधी एकदा आयएफकॉन्फिग मारलं, उगीच. कव्हर उघडलं तर आत बोटभर धूळ आणि वाळलेली पाल. दोन्ही डिस्क काढून तारीख लिहून कपाटात.

७ ऑगस्ट, गुरुवार

पगारपत्रकं वाटली. ज्यांचं नाव वर समजा म्हणून लिहिलं ते स्वतः अकाउंट्सच्या दारात आले. पत्रक दोनदा वाचलं. म्हणाले, "ताई, आता बँकेवाला विचारेल, हा नवा माणूस कोण?"

राहिलेलं: यूपीएसच्या बॅटऱ्या, कोटेशन आलंय. बॅकअप डिस्कसाठी वेगळा प्लग, इलेक्ट्रिशियन सोमवारी. किटलीसाठीही एक. 'येतंय असं वाटतं' यादीतल्या नऊ गोष्टी ताडायच्या आहेत. बॅकअप उतरवून बघणं दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, पोरग्यानं, मी फक्त शेजारी बसायचं. ऑक्टोबरमध्ये छाटणीसाठी चार दिवसांची सुटी मागितलीय. साहेब म्हणाले, आल्यावर द्राक्षं आणा. त्यांना सांगितलं नाही की छाटणीच्या वेळी द्राक्षं नसतात.